‘पोरीनं नशीब काढलं’ म्हणणाऱ्यांपुढं काय बोलायचं?

पत्राचा सारांश : लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई बेचाळीस वर्षांच्या आहेत. घरची सात एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर-हरभरा. लग्नानंतर बारा वर्षं मूल झालं नाही, तेव्हा रीतसर कागदपत्रं करून संस्थेतून मुलगी आणली. ती तेव्हा सात महिन्यांची होती, आज नऊ वर्षांची आहे. पुढं तसाच मुलगा आणला, तो आता सहा वर्षांचा. ताई लिहितात, ‘दिवस मावळताना आखाड्यावर (शेतातल्या खोपीपाशी) बसते. टिटवी ओरडत असते, तुरीला फुलं लागलेली असतात, आणि ही दोघं बांधानं येताना दिसतात. तेव्हा वाटतं, ह्या दोघांच्याच पाया पडावं. त्यांनी आमचं घर उभं केलं. मी पोरीला हे रोज सांगते.’ मात्र ती दत्तक आहे हे तिला सांगितलेलं नाही, ‘देवानं दिली’ एवढंच सांगितलंय. गावाला सगळं ठाऊक आहे. ‘किती पैसे लागले?’ असंही बायका विचारतात, त्याला ताई वैतागल्या आहेत. यंदा येळवशीला (मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला) शेतात पंगत बसली असताना भावकीतल्या एका काकूंनी मुलीच्या पानात भज्जी वाढता वाढता म्हटलं, ‘पोरीनं नशीब काढलं बघा, नाहीतर कुठं असती.’ रात्री मुलीनं विचारलं, ‘मी कुठं असते?’ ताईंनी विषय बदलला. नवऱ्याचं म्हणणं, लातूरला खोली करू, पोरं तिथं शिकतील, तिथं कुणाला माहीत नाही. सासूबाई म्हणतात, मोठी झाल्यावर बघू. ताईंचा प्रश्न असा की सांगावं का, कसं सांगावं, आणि लोकांची तोंडं कशी बंद करावीत. शेवटी मुलीचं कौतुक आहे : ‘इतकी गुणी की कधी हट्ट नाही. दिवाळीआधी सोयाबीनचा सरवा वेचून तिनं तीनशे चाळीस रुपये केले आणि बाबांच्या हातात दिले. म्हणाली, माझ्या वह्या-दप्तराचे. ह्यांचे डोळे भरून आले.’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या त्या तीनशे चाळीस रुपयांपाशी मी थांबले. ते तुम्ही अगदी शेवटी, कौतुक म्हणून लिहिलंत. मला पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटली.

सरवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण शहरात राहून हे सदर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. सोयाबीन काढून नेल्यावर वावरात ज्या शेंगा गळून पडलेल्या असतात त्या वेचायच्या. धसकटं पायाला टोचतात, वाळल्या शेंगेचं टोक नखात घुसतं, आणि एवढं करून संध्याकाळी ओच्यात मूठ-दोन मुठी दाणे. तीनशे चाळीस रुपयांचं सोयाबीन म्हणजे सात-आठ किलो तरी झालं. नऊ वर्षांच्या लेकराचे किती दिवस त्यात गेले असतील! आपल्याकडं सरव्याचे पैसे हे पोरांचे पैसे. कुणी फटाके आणतं, कुणी बांगड्या भरतं, कुणी दुकानात जाऊन नको ते खाऊन येतं, आणि मोठी माणसंही त्या पैशाला हात लावत नाहीत. तुमच्या लेकीनं त्यातला एक रुपयाही स्वतःवर उडवला नाही. तिनं स्वतःच्या वह्या-दप्तराचा खर्च बापाच्या हातात दिला.

आणि हे झालं दिवाळीआधी. काकू बोलल्या येळवशीला, म्हणजे त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. आता तुम्हीच सांगा, काकूंनी तिला नवीन काय सांगितलं?

‘अजून तिला माहीत नाही’ हे तुम्ही धरून चालला आहात, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावर उभे आहेत. मला वाटतं, तिला बरंच माहीत आहे. कुठंतरी ऐकलं असेल, शाळेत, हापशावर, कुणाच्या तरी लग्नात. गावात अशी गोष्ट राहत नाही आणि मुलांच्या कानातून सुटत नाही. फक्त तिला पूर्ण गोष्ट कुणी सांगितलेली नाही, म्हणून ती तुकडे जोडत बसली आहे. आणि ‘ह्याबद्दल घरात बोलायचं नसतं’ हे तुमचं विषय बदलणं बघून तिला पक्कं कळलं आहे.

थोडं दुसऱ्या बाजूनंही बघू. कोरडवाहू घरातली पोरं लवकर शहाणी होतात. पाऊस गेला की बाप का गप्प बसतो, हे त्यांना कळतं. त्यामुळं सरव्याचे पैसे घरात देणारं प्रत्येक लेकरू आतून घाबरलेलं असतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही थोडे दिवस नुसतं बघा. ती कधी ‘मी नाही जाणार’ म्हणते का? जेवताना आणखी मागून घेते का? भावानं तिची पेन्सिल मोडली तर त्याच्या पाठीत धपाटा घालते का? तुमच्या हातून तिच्यावर अन्याय झाला, उगाच बोललात, तर फुगून बसते का? यातलं काहीच होत नसेल तर त्याला गुणीपणा म्हणू नका. हट्ट करायला लेकराला खात्री लागते, की कितीही रडलो, पाय आपटले, तरी हे घर आपलंच आहे.

आता जरा अवघड बोलते, राग मानू नका. काकू म्हणाल्या, पोरीचं नशीब. तुम्ही रोज तिला सांगता, तू आलीस म्हणून आमचं घर उभं राहिलं. काकूंचं बोलणं कडू आणि तुमचं गोड, पण दोन्हीकडं तिच्या नावावर खातं उघडलेलंच आहे. एका खात्यात ती देणेकरी, दुसऱ्यात घर तोलून धरणारी. नऊ वर्षांच्या मुलीनं घर कशाला तोलायचं? ज्या वर्षी सोयाबीनला भाव मिळणार नाही, तुमचं दोघांचं भांडण होईल, सासूबाई आजारी पडतील, त्या वर्षी ती मनात म्हणेल, मी कुठं कमी पडले. तुमची कृतज्ञता खरी आहे. आखाड्यावर बसून तुम्हाला जे वाटतं ते वाचून मलाही भरून आलं. पण ते तुमच्याजवळ असू द्या. नवऱ्याशी बोला, पुढच्या येळवशीला पांडवांची पूजा करताना मनात म्हणा, असं पत्र लिहून मला सांगा. लेकीला रोज सांगू नका. तिला रोज सांगायचं असेल तर ‘वेणी घालून घे, शाळेला उशीर होतोय’ हे सांगा. तेवढं पुरे.

गंगाखेडची जनाबाई आठवते. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, तिथंच वाढली, आणि अखेरपर्यंत स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवत राहिली. विठ्ठलापुढं ते मोठंच आहे. पण मी जेव्हा जेव्हा तिचे दळणा-कांडणाचे अभंग ऐकते तेव्हा मनात येतं, त्या घरात ह्या पोरीनं कधी ‘आज मी दळणार नाही’ म्हटलं असेल का? तुमची लेक तुमच्या घरी दळायला आलेली नाही. ती लेक म्हणून आली आहे, आणि लेकी दळायला कंटाळतात.

आता सांगण्याबद्दल. सांगा, आणि ह्याच महिन्यात सांगा. ‘मोठी झाल्यावर’ हा सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्यात एक अडचण आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी कळलं तर मूल दोन गोष्टींचं दुःख करतं. एक, आपण ह्यांच्या पोटचे नाही, आणि दुसरं, इतकी वर्षं सगळ्या गावाला माहीत होतं आणि मला नव्हतं. पहिलं ओसरतं. दुसरं मात्र फार दिवस सलत राहतं. सासूबाईंना हे समजावून सांगा आणि बोलण्याआधी त्यांना सोबत घ्या. नंतर लेक त्यांच्याकडंच धावत जाईल, तेव्हा त्यांनी ‘काही नाही गं, आई उगाच बोलती’ म्हणायला नको.

कसं सांगायचं? समोर बसवून, दार लावून, गंभीर चेहऱ्यानं मुळीच नको. काही वाईट घडलंय असं तिला वाटेल. हाताला काम आणि नजरेला दुसरीकडं जागा हवी. तुमच्या वावरात हरभरा आहे, आणि ह्या दिवसांत दव पडतं. तुमच्या सासूबाईंनी हरभऱ्याची आंब धरलेली असेल. नसेल तर शेजारी कुणी म्हातारी सांगेल. संध्याकाळी धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर पसरून यायचं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत ते दवानं भिजलेलं फडकं बाटलीत पिळायचं. हे पोटदुखीचं औषध पैशानं फार मोठं नाही, पण दोघींना एकमेकींच्या शेजारी वाकून, फडक्याची दोन टोकं दोघींनी धरून, पीळ घालत उभं राहावं लागतं. बोटं आंबट होतात, गार पडतात, पोरी ती चाटतात आणि तोंड वाकडं करतात. बोलायला ह्यापेक्षा बरी जागा मला तरी सुचत नाही. आंबच पाहिजे असं नाही, गवारीच्या शेंगा मोडतानाही चालेल.

शब्द साधे ठेवा. ‘त्या दिवशी तू विचारलंस, मी कुठं असते. मी नीट उत्तर दिलं नाही, आज देते. तू माझ्या पोटातून नाही आलीस. तुला दुसऱ्या एका बाईनं जन्म दिला. तिला तुला सांभाळणं शक्य नव्हतं. का, ते आम्हाला ठाऊक नाही. तू संस्थेत होतीस, सात महिन्यांची. आम्हाला मूल हवं होतं, आम्ही अर्ज केला होता. मग आम्ही आलो आणि तुला घरी आणलं. त्या दिवसापासून तू आमची.’ एवढंच. मग गप्प बसा आणि ती काय म्हणते ते ऐका. काहीच बोलली नाही तरी घाबरू नका. चार दिवसांनी, भाकरी थापत असताना, ती एकदम विचारेल, ‘तिचं नाव काय होतं?’ तेव्हा हातातली भाकरी तव्यावर टाका आणि उत्तर द्या.

तीन गोष्टी मात्र टाळा. ‘तुला टाकून दिलं होतं’ हे वाक्य तुमच्या घरात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका, रागातसुद्धा. जन्म देणाऱ्या बाईबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. तिला वाईटही ठरवू नका आणि देवीही करू नका. तिसरी गोष्ट, ‘शंभर लेकरांतून आम्ही तुला निवडलं’ असं बरेच पालक सांगतात, ते नको. एक तर ते खरं नसतं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडं नाव नोंदवल्यावर नंबर लागतो, मग एका लेकराची माहिती येते आणि ४८ तासांत होकार कळवायचा असतो. आणि दुसरं, ज्याला निवडलं जातं त्याला परतही करता येईल, असं मुलांच्या मनात येतं. त्यापेक्षा ‘आम्ही वाट बघत होतो आणि तू आलीस’ हे बरं, कारण आई-बापांचं असंच होतं, मूल कुठूनही येवो.

हे तुमच्या मुलालाही त्याच आठवड्यात सांगा, त्याच्या वयाच्या बेतानं. नाहीतर तो बहिणीच्या तोंडून ऐकेल, तेही भांडणात.

भांडणावरून आठवलं. सांगून झाल्यावर कधीतरी ती चिडून म्हणेल, ‘तू माझी खरी आई नाहीस.’ तुम्हाला लागेल, कोपऱ्यात जाऊन रडा हवं तर. पण मला विचाराल तर तो दिवस चांगला समजा. सरव्याचे पैसे आणून देणारी मुलगी असं बोलू शकत नाही. ज्या मुलीला घराची खात्री पटली आहे तीच बोलते. त्या वेळी ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे ओठावर येईल, ते गिळा. म्हणा, ‘आईच आहे, आणि आता ताट उचल.’

पुढं ती जन्मदात्रीबद्दल जास्त विचारेल. त्याची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसते. नियमांनुसार दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घ्यायला त्या प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की स्वतः, त्याआधी आई-वडिलांसोबत. शोध लागेलच असं नाही, आणि जन्मदात्यांची इच्छा नसेल तर त्यांची ओळख सांगितली जात नाही. तिनं विचारलं तर सांगा, ‘मोठी झालीस आणि वाटलं तर आपण मिळून शोधू.’ शोधायला निघालेली पोरं तुमच्यावरचं प्रेम आटलं म्हणून निघत नाहीत. आपलं नाक कुणाचं, एवढंच पुष्कळांना बघायचं असतं.

लातूरच्या खोलीबद्दल थोडक्यात. शिकवण्यांसाठी लातूरला पाठवायचं असेल तर दहावीच्या सुमारास अवश्य विचार करा, तुमच्या भागातली निम्मी पोरं तेच करतात. पण कुणाला कळू नये म्हणून जात असाल तर तिथंही लपवण्याचं ओझं सोबत जाईल. शिवाय आजीपासून, वावरापासून, भावकीतल्या चुलत भावंडांपासून मुलं तुटतील. नऊ वर्षांच्या मुलीला ‘आपण का चाललोय’ हे न सांगता हलवलंत तर तिला काय वाटेल, याचाही विचार करा.

लोकांची तोंडं बंद होत नाहीत, त्यामुळं तो प्रयत्न सोडून द्या. काकू दुष्ट आहेत असं मला वाटत नाही; त्या भज्जी वाढत होत्या आणि जे तोंडात आलं ते बोलल्या. पुढच्या वेळी मुलीसमोरच, आवाज न चढवता म्हणा, ‘काकू, ही आमची थोरली. आंबील घ्या आणखी.’ ‘नशीब तिचं नाही, आमचं’ असं उत्तर द्यायचा मोह होईल, ते ऐकायला छान वाटतं, पण त्यानं पुन्हा हिशेबच सुरू होतो. नंतर एकट्या असताना काकूंना स्पष्ट सांगा की हे वाक्य लेकरासमोर पुन्हा नको. शाळेतल्या बाईंनाही आधी भेटून ठेवा. कुटुंबवृक्ष काढा, आईच्या पोटात असतानाची गोष्ट विचारून या, असले गृहपाठ येतात, आणि वर्गात कुणी काही बोललं तर बाईंना काय करायचं ते माहीत असलेलं बरं.

आणखी एक करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तुमच्या भागात कितीतरी लेकरं मामाकडं, चुलत्याकडं, आजीकडं वाढली. तेव्हाची आठ-दहा वर्षांची पोरं आज चाळिशीत आहेत. तुमच्या नात्यागोत्यात, ओळखीत असं कुणी ना कुणी असेलच. त्यांना बोलावून चहा पाजा आणि विचारा, ‘मामानं सांभाळलं, उपकार विसरू नको, असं लोक म्हणायचे तेव्हा कसं वाटायचं?’ माझ्या ह्या लांबलचक पत्रापेक्षा त्यांचं अर्ध्या तासाचं बोलणं तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. ते तुमच्याच बोलीत बोलतील, आणि ज्या घरांत लेकरू मोकळेपणानं वाढलं तिथल्या मामीनं नेमकं काय केलं, तेही सांगतील.

कागदपत्रांची एक फाईल करा. दत्तकाचा मूळ आदेश, जन्माचा दाखला, संस्थेनं दिलेला वैद्यकीय अहवाल, आणलेल्या दिवशीचे कपडे-फोटो काही असतील तर तेही. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनं तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं दिला. आदेश कुणाचाही असो, बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणं दत्तक मूल सगळ्या बाबतींत पोटच्यासारखंच असतं, वारसासकट. तुमच्या सात एकरांकडं भावकीतलं कुणी बघत असेल तर त्यांनाही हे कळू द्या. ज्या वाचकांनी भावाचं किंवा बहिणीचं मूल नुसतंच ‘आणून’ वाढवलं आहे, त्यांनी मात्र वकिलाला भेटून आपली बाजू तपासून घ्यावी. गावानं मानलं म्हणून तलाठी मानत नाही.

सरव्याच्या पैशांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ते खर्चले नसतील तर बाबांनी परत तिच्या हातात ठेवावेत आणि म्हणावं, ‘वह्या-दप्तर बाप आणत असतो. हे तुझे. जत्रेत उडव.’ ती नको म्हणेल. मग तिला जत्रेत घेऊन जा आणि उडवायला लावा.

शेवटची गोष्ट. ‘किती पैसे लागले?’ असं बायका विचारतात म्हणून तुम्ही वैतागून लिहिलंय. बहुतेक जणी नुसतं खोचक विचारतात, त्यांना ‘का, तुम्हाला आणायचंय का?’ म्हणा, त्या गप्प बसतील. पण एखादी गप्प बसणार नाही, बाजूला येऊन हळूच पुन्हा विचारेल. तिचंही लग्न होऊन दहा-बारा वर्षं झालेली असतील. तिला घरात बोलवा आणि नीट सांगा : नोंदणी ऑनलाइन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते, जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारायचं, घराची चौकशी होते, नंबर यायला वर्षं लागतात, धीर धरावा लागतो. दवाखान्यातून परस्पर मूल आणून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि कुठं सोडून दिलेलं बाळ सापडलं तर घरी ठेवून न घेता १०९८ वर फोन करायचा.